शेवटचं पान गुरुजींकडं

ये पोरी, अशी जवळ सरक. तिकडं उंबऱ्यापाशी बसलीस तर मला ओरडून बोलावं लागेल, आणि तेवढा दम आता उरला नाही. दोन महिने झाले, तोंड दाखवलं नाहीस. वर तुझी आई सांगते, पोरगी कॉलेजात गोष्टी शिकायलीय, आणि मूळ गोष्ट न वाचताच गाईडातून आशय, उपरोध, रूपक सगळं वहीत उतरवून घ्यायलीय. लाज वाटू दे जरा. आमच्या खिल्लारे गुरुजींच्या हाती लागली असतीस तर त्यांनी तुझं गाईड घेतलं असतं आणि त्याची शेवटची पानं ब्लेडनं कापून ठेवली असती.

हो, कापूनच. गुरुजींची ती खोडच होती.

सेलूला आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या खोलीत गुरुजी. खेडोपाडी मास्तरकी केली, शेवटची वर्षं चारठाण्याला काढली आणि पेन्शन घेऊन सेलूत आले. बायको आधीच वारलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर गोष्टींची पुस्तकं. पुस्तक कुणालाही द्यायचे. फक्त देण्याआधी दाढीच्या ब्लेडनं प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान अलगद काढून घ्यायचे आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. आपण वाचायचं, परत जायचं, गोष्ट कशाची आहे ते सांगायचं. पटलं तर पान मिळणार. नाही पटलं तर, "पुन्हा वाचा आणि या."

बरं, पानाला दोन बाजू असतात. पाठीवर पुढच्या गोष्टीची सुरुवात छापलेली असायची, तीही डब्यात जायची. म्हणजे एका गोष्टीला शेवट नाही आणि दुसरीला तोंडही नाही. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "आपण तरी कुठं सुरुवातीपासून हजर असतो, सुमनबाई?"

मी तेव्हा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली पिवळी, किडकी बोंडं वेचायची. दिवसभर ओणवं बसून कंबर धरायची, केसात रुई, नाकात रुई. शाळा मी बाहेरूनच बघितलेली. अक्षरं शिकले ती रुईच्या गठाणींवरची आणि किराणाच्या पुड्याच्या कागदावरची. पुड्यावर गोष्ट असली तरी अर्धीच असायची, तिखटाचा हात लागलेली. त्यामुळं शेवट नसलेल्या गोष्टींची सवय मला गुरुजींच्या आधीपासून होती. म्हणून असेल, गल्लीतली बाकीची माणसं एकेक पुस्तक नेऊन कंटाळली, मी टिकले.

कंटाळणारच की. माणसं दमूनभागून घरी यायची आणि हा माणूस दारात उभा. तुम्ही सांगायला लागलात, अहो गुरुजी, आज असं झालं, की हात वर करून थांबवणार. "झालं काय ते नका सांगू. गोष्ट कशाची हाय ते सांगा." डॉक्टरकडं गेले तरी तेच. पोट दुखत होतं. डॉक्टरला म्हणाले, "पोट दुखायलंय, ही झाली घटना. आशय तुमी सांगा." डॉक्टरनं एरंडेल लिहून दिलं.

गल्लीत एका पोरीला बघायला पाहुणे आले होते. मुलीचा मामा कौतुकानं म्हणाला, पोरगी म्हणजे गाय आहे आमची. गुरुजी कोपऱ्यात चहा पीत होते. बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "रूपक तपासून घ्या. तुमची गाय काल दोघांना आडवं करून गेली." मुलाची आई उठायलाच लागली होती. कसंबसं बसवलं तिला, लग्नही झालं. पुढं त्या पोरीचा सासरचा दरारा बघितला तेव्हा कळलं, गुरुजींचीच गाय बरोबर होती.

उपरोध मला त्यांनीच शिकवला. मी विचारलं, हे काय असतं? तर म्हणाले, माणूस एक करायला जातो, त्याच करण्यातून बरोबर उलटं होतं, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना दिसतं. तुझ्या गाईडात हे असं नसेल. बघ हवं तर.

एका बाबतीत मात्र गुरुजी घटनाच विचारायचे. पोस्टमन दिसला की ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "औरंगाबादकडं पाऊसपाणी कसंय?" त्या बिचाऱ्याला काय माहीत. पण त्यांची एकुलती एक लेक, शालू, औरंगाबादला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली होती, एकदाही माहेरी आली नव्हती. भांडण नव्हतं काही. नर्सची नोकरी, दोन लेकरं, सासू अंथरुणाला खिळलेली. ती तरी कुणाकुणाला पुरणार? गल्लीला सगळं ठाऊक होतं, म्हणून पोस्टमनसुद्धा सांगून टाकायचा, "चांगलाय गुरुजी, लय चांगलाय पाऊस." उन्हाळ्यातसुद्धा.

तर त्यांनी मला एक गोष्ट दिली होती. एका शिंप्याची. त्याचा पोरगा लहानपणीच घर सोडून जातो. शिंपी त्याच्यासाठी एक कोट शिवून ठेवतो. दरवर्षी मनाशी म्हणतो, पोरगा आता एवढा उंच झाला असेल, खांदे एवढे रुंद झाले असतील, आणि कोट उसवून पुन्हा वाढवतो. अशी कितीतरी वर्षं. मग एका दुपारी दारावर थाप पडते, शिंपी कोट हातात घेऊन उठतो. पुढचं पान डब्यात.

ती गोष्ट मी चार महिने डोक्यात घेऊन फिरले. बोंडं वेचताना तीच. एकदा गुरुजींना सांगितलं, गोष्ट कोटाची आहे. "कोट वस्तू हाय. पुन्हा वाचा आणि या." मग सांगितलं, बापाच्या मायेची. "ते बरं हाय, पण त्या मापात कुणाचीबी गोष्ट बसंल." मी वैतागून म्हणाले, गुरुजी, माझी कंबर मोडायलीय, द्या की ते पान. तर डबा मांडीवर घेऊन हसत बसले.

तेवढ्यात आमच्या यांना परभणीला नोकरी लागली. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. सगळी बांधाबांध झाली आणि माझा जीव मात्र त्या एका पानात अडकलेला. निघायच्या दिवशी सकाळीच गेले. गुरुजी ओट्यावर ऊन खात बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर सुचलं नसतं.

"ही गोष्ट न बघता माप घेतल्याची हाय, गुरुजी. बाप पोराचं माप मनानंच घ्यायलाय. तिकडं पोराचं काय झालं, ते त्याला ठावंच न्हाई."

मला वाटलं, हसतील. नाही तर म्हणतील पुन्हा वाचा. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग आत गेले, डबा घेऊन आले आणि त्यातून पान काढायच्या ऐवजी एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. कडा मऊ पडल्या होत्या.

शालूचं कार्ड होतं, लग्नानंतर वर्षभरातलं. गुरुजींनी लेकीला पाठवणीच्या वेळी गोष्टींचं एक जाड पुस्तक दिलं होतं. एकूण एक गोष्टीचं शेवटचं पान कापून. बारा पानं. म्हणजे बारा वेळा तरी येईल, असा हिशेब. आणि शालूनं आनंदानं लिहिलं होतं, बाबा, इथल्या ग्रंथालयात त्याच पुस्तकाची अख्खी प्रत मिळाली. सगळे शेवट वाचून काढले. आता तुम्ही पानं जपून ठेवायची तसदी घेऊ नका.

"सुमनबाई," गुरुजी म्हणाले, "ह्याच्यातला उपरोध सांगा."

मला तो दिसत होता. त्यांनाही दिसत होता. मी कार्ड त्यांच्याकडं परत दिलं. मग त्यांनी डब्यातून शिंप्याचं पान काढलं. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, वर माझं नाव. खाली डब्यात तशा किती चिठ्ठ्या होत्या गं. गल्लीतल्या, चारठाण्याच्या, जे जे एकदा पुस्तक घेऊन गेले आणि परत आले नाहीत, त्या सगळ्यांच्या नावाच्या.

"घ्या. बरोबर सांगितलंत."

मी पान घेतलं नाही. म्हटलं, "न्हाई गुरुजी. माझंच मला पटंना झालंय. पुन्हा वाचते आणि येते."

गुरुजींनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पान डब्यात ठेवून झाकण लावलं.

मग काय, जात राहिले. परभणीहून पॅसेंजरनं, वर्षातून दोनदा, कधी तीनदा. दर वेळी काहीतरी चुकीचं सांगायचं ठरवून जायचे. गोष्ट सुईची आहे म्हणून सांगितलं, थापेची आहे म्हणून सांगितलं. एकदा तर सांगितलं, गोष्ट कापडाच्या भावाची आहे. गुरुजी चहा टाकत टाकत माझी खरडपट्टी काढायचे. तीन तास सहज जायचे.

गुरुजी गेले त्यानंतर शालूनं तो डबा उघडला. चिठ्ठ्या बघून बघून तिनं पत्ते शोधले आणि जमली तेवढी पानं टपालानं पाठवली. माझंही आलं. ते तसंच पाकिटात आहे, आपल्या ह्या बुद्धाच्या तसबिरीमागं. तेव्हा वाचायचं मन झालं नाही, आता बारीक अक्षर दिसत नाही.

म्हणून म्हणते, येत जा. शिंप्याच्या गोष्टीचं ते पुस्तक माझ्याकडंच राहिलंय, आज घेऊन जा, आणि पुढच्या रविवारी ये. गोष्ट कशाची आहे ते आधी सांग मला, मग पाकीट उघडू आणि तू ते पान मोठ्यानं वाच. दोन महिने लावू नकोस, पोरी. चहा ठेवते मी.