नानांचं आठ तासांचं लोकेशन

"यंदा माझ्या भरीत पार्टीला येताना एक जरी पाहुणा चुकला, तर या मिशा उतरवून तुमच्या हातात देईन!"

शालिग्राम नानांनी ही प्रतिज्ञा घराजवळच्या मेहरूण तलावाच्या काठावर, सकाळी फिरायला येणाऱ्या सहा पेन्शनरांसमोर केली. मिशा काही साध्यासुध्या नव्हत्या. एस.टी.च्या स्टिअरिंगमागे पस्तीस वर्षं वारा पिऊन त्या जोपासल्या होत्या. त्यामुळे सहाही पेन्शनर क्षणभर गंभीर झाले. मग एकाने विचारलं, "पण आता चुकतं कोण नाना? सगळ्यांकडे मोबाईल आहे."

इथेच तर दुखत होतं!

एक काळ असा होता की गोतावळ्यातल्या कोणालाही कुठेही जायचं असो, आधी नानांना फोन यायचा. फोन त्यांच्या पत्नी सुनंदाबाई उचलायच्या आणि नानांच्या कानाला लावायच्या. नाना जेवत असले, तर दुसऱ्या हाताने पोळी वाढायच्या. आणि नाना रस्ता सांगायचे! वडाचं झाड, पडकी पाणपोई, भुंकणारं पण न चावणारं कुत्रं, सगळं क्रमवार. त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर सुटलेली म्हैससुद्धा वेळेत पोहोचली असती.

मग फोनमध्ये ती बाई आली. "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा." झालं! नानांचा फोन वाजायचा बंद झाला. ही बाई कधी कन्नडच्या घाटात धुक्यात ब्रेक दाबून उभी राहिली होती का? हिने कधी पारोळ्याला पंक्चर काढलं होतं का? घरबसल्या पस्तीस वर्षांची सर्व्हिस गिळून बसली! नानांना तिचा इतका राग होता की कोणाच्या गाडीत ती बोलू लागली की ते काच खाली करून बाहेर बघत बसत.

त्यातून तिचा सर्वात मोठा भक्त कोण? तर साडू प्रेमराज, धुळ्याचे.

भरीत पार्टी वीस वर्षं नानांच्या शेतात व्हायची. शेत एरंडोल आणि धरणगावच्या मध्ये. हिवाळा आला की कपाशीच्या काड्यांवर बामणोदची हिरवी वांगी भाजायची, बारा-पंधरा माणसं बांधावर बसून जेवायची. गेल्या हिवाळ्यात सुनंदाबाई आजारी होत्या, म्हणून पार्टी पहिल्यांदा धुळ्याला प्रेमराजच्या मळ्यात झाली. प्रेमराजने ग्रुपवर लोकेशन टाकलं आणि गाड्या ओळीने येऊन उभ्या राहिल्या. एकानेही फोन केला नाही! "काय सोय केली प्रेमराजभाऊंनी!" जो तो म्हणत होता. नानांना भरताच्या मिरचीपेक्षा ते जास्त झोंबलं.

उन्हाळ्यात सुनंदाबाई गेल्या. दिवाळीनंतर प्रेमराजचा फोन आला. "नाना, आता पार्टी दरवर्षी इकडेच करत जाऊ. तुम्ही एकटे कुठे धावपळ करता?"

प्रेमराज मनापासून बोलले होते. पण नानांना दिसलं ते असं, की बाईने रस्ते नेले, आता साडू शेतही उचलून नेतोय. "यंदा माझ्याकडेच!" ते म्हणाले. "काही कमी पडलं, तर पुढच्या वर्षापासून तुमच्याकडे. कायमची!"

म्हणजे पैज लागली ती अशी.

आदल्या दिवशी नानांनी 'भरीत मंडळ' या ग्रुपवर बावीस ओळींचा पत्ता लिहिला. कापसाच्या जिनची भिंत, तीन कडुलिंब, तिसऱ्यावर पोपटांची ढोली. दीड तास खपले. खाली पुतण्या नवलचं उत्तर आलं, "काका, लोकेशन टाका ना." त्याखाली प्रेमराजच्या मुलीचं, मोनालीचं, "हो ना काका, लोकेशन!" मग प्रेमराज आणि नवलची तिथेच जुंपली. प्रेमराजच्या फोनातली बाई मराठी बोलायची आणि खड्डे आधी सांगायची. नवलच्या फोनात दुसऱ्या कंपनीचा बुवा होता, तो हिंदी बोलायचा आणि म्हणे सहा मिनिटं वाचवायचा. बाई चांगली की बुवा चांगला, यावर चव्वेचाळीस मेसेज झाले. पोपटांच्या ढोलीबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही.

"असं काय?" नाना म्हणाले. "मग प्रेमराजपेक्षा भारी लोकेशन टाकतो!"

पार्टीच्या दिवशी सकाळी दहाला, शेतातल्या खाटेवर बसून त्यांनी फोन काढला. मुलगी दिपमाला वांगी टोचून तेल लावत होती. तिला विचारलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण नाना आणि विचारणार? रस्त्याबद्दल?

फोनने दोन प्रकार दाखवले. एक, आत्ता आहे ते ठिकाण. दुसरं, लाइव्ह. नानांनी विचार केला, प्रेमराजने गेल्या वर्षी तो पहिला, शिळा प्रकार टाकला असणार. आपण ताजं देऊ! लाइव्ह दाबलं. मग फोनने विचारलं, किती वेळ? पंधरा मिनिटं, एक तास, की आठ तास?

पाहुण्यांना पंधरा मिनिटं? छे! आपल्या घराण्यात हात आखडता घ्यायची रीत नाही. नानांनी आठ तास दिले.

आता ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: लाइव्ह लोकेशन शेताचं नसतं. ते माणसाचं असतं. माणूस हलला की तेही हलतं. पण नाना थोडेच हलणार होते! बसणार होते खाटेवर मिशांना पीळ देत. हलवलं ते आइस्क्रीमने.

नवलचा फोन आला, "काका, निघतोय. आणि ऐकलं का, प्रेमराजकाका आइस्क्रीम आणताहेत सगळ्यांना."

"माझ्या पंगतीला त्याचं गोड?"

"डब्यात बर्फ घालून आणताहेत म्हणे."

नानांनी मोटरसायकलला किक मारली. "दिपू, धरणगावहून जिलेबी घेऊन येतो!"

"नाना, कशाला? गूळ-शेंगदाणे आहेत की!"

पण नाना गेलेले होते. आणि त्यांच्याबरोबर, खिशात, पार्टीही गेली.

हलवायाने ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून दोन चहा पाजले. शेतातला एक धरून तीन झाले. त्यामुळे तीन किलो जिलेबी हँडलला लटकवून परत येताना पाटाच्या कडेला एका बाभळीशी नानांना थांबा घ्यावा लागला. थंडीचे दिवस, कारण सांगायला नको. मग ते शेताकडे न वळता थेट जिनच्या फाट्यावर गेले. वीस वर्षांची रीत होती. जिनच्या भिंतीशी उभं राहायचं, पाहुणे आले की मोटरसायकल पुढे आणि गाड्या मागे. त्यामुळे वीस वर्षं येऊनही एकालाही शेताचा रस्ता पाठ नव्हता.

वाटेत समोरून एक पांढरी गाडी धूळ उडवत गेली. कानटोपी आणि मफलरमधून नानांनी तिला एस.टी.च्या भाषेत दोन शब्द ऐकवले. गाडी प्रेमराजची होती.

प्रेमराजने एरंडोलला लोकेशन दाबलं, तेव्हा नाना बाभळीशी होते. बाईने त्यांना इमानदारीने तिथेच नेलं. "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात," ती म्हणाली. समोर बाभूळ. बाभळीखाली एक बकरी.

प्रेमराजच्या बायको प्रमिलाबाई, म्हणजे सुनंदाबाईंची धाकटी बहीण, काच खाली करून म्हणाल्या, "आठे? आठे कसानी पार्टी शे?" इथे कसली पार्टी, हे बकरीलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात धरणगावकडून नवलची जीप आली, आत सात माणसं. बुवाने त्यांना हलवायाच्या दुकानात नेलं होतं.

"तुमची बाई चुकली!" नवल म्हणाला.

"आणि तुझा बुवा? तो तर जिलेबी खायला गेला व्हता!"

"सहा मिनिटं वाचली आमची!"

"वाचली ना? मग आता त्या बकरीशी गप्पा मार!"

दोघांनी पुन्हा लोकेशन दाबलं. ठिपका जिनपाशी. दोन्ही गाड्या तिकडे पळाल्या.

इकडे साडेबारा झाले तरी फाट्यावर कोणी नाही. नानांनी प्रेमराजला फोन लावला. "कुठे आहात?"

"तुमना मांगेच शेतस, नाना! येतोच!"

नानांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर खताची जाहिरात होती. त्यांच्या मनात आनंदाचं असं कारंजं उडालं म्हणता! चुकले! बाई असून चुकले! प्रेमराज चुकला! मग मिशा आठवल्या आणि कारंजं बसलं. शोधायलाच हवं! त्यांनी गावातल्या आतल्या रस्त्याने गाडी पिटाळली, ती पुन्हा थेट हलवायापर्यंत.

"माझे पाहुणे दिसले का?"

"आले होते की. तुम्हालाच विचारत होते."

"मग गेले कुठे?"

"तुमच्या मागे!"

आणि पाहुणे जिनच्या भिंतीशी पोहोचले, तर नाना नाहीत. मोनालीने फोन पाहिला. "काका परत धरणगावला आहेत!"

"कसं काय?" नवल म्हणाला. "आपण जवळ गेलो की ते लांब जातात."

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी पयी रायनात आपलापाईन, लांब पळताहेत," त्या म्हणाल्या. "अक्का गयी, आते त्यासले माणसं नको वाटतस. मी सांगत होते यांना, नका पैज लावू."

प्रेमराजचा चेहरा उतरला. "मी पैज नव्हती लावली, प्रमिला. मी सोय पाहत होतो."

"एकटेच त्या बाभळीखाली जाऊन बसले होते," नवल हळूच म्हणाला, आणि तेराव्याचं वातावरण झालं. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'काकांची तब्येत बरी नाही वाटत. एकटे फिरत आहेत. दिपाताई, लक्ष दे.'

दिपमालाने काळे हात पदराला पुसून फोन पाहिला. ग्रुपवर नानांचा गोल फोटो धरणगावच्या बाजारपेठेतून सरकत होता. ती दोन क्षण बघत राहिली. मग तिने वडिलांना फोन लावला.

"नाना, गाडी थांबवा."

"थांबवू कसं? लोक चुकलेत!"

"कोणी चुकलं नाही. तुम्ही शेताचं नाही, तुमचं लोकेशन टाकलंय. तुम्ही जाल तिकडे ते येताहेत."

पलीकडे बाजाराच्या गलक्यात मोटरसायकल बंद झाली.

"सगळे?" नानांनी विचारलं.

"सगळे. बारा माणसं. दीड तास झाला."

"माझ्या मागे?"

"हो नाना. ते आता जिनपाशी थांबतील, तुम्ही तिकडे जा. आणि कुठेही वळू नका!"

नाना पोहोचले तेव्हा भिंतीशी बारा माणसं एस.टी.ची वाट बघत असल्यासारखी उभी होती. प्रमिलाबाई पुढे झाल्या. "भाऊजी, तुम्ही पळत होते ना आमच्यापासून?"

"मी?" नाना कानटोपी काढत म्हणाले. "मी तर तुम्हालाच शोधत होतो!"

प्रमिलाबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम करू लागल्या. "अक्का सांगे ना, जिननी भित उनी का डावा हात. भिंत आली की डावीकडे! माले याद व्हतं! पण ही बाई सरळ म्हणे!"

सगळ्यांनी प्रेमराजच्या फोनकडे रागाने पाहिलं. बाई गप्प होती.

"चला," नाना म्हणाले. मोटरसायकल पुढे, गाड्या मागे. तिसऱ्या कडुलिंबाशी त्यांनी हात उंच करून पोपटांची ढोली दाखवली. मागून नवलने हॉर्न वाजवून पोच दिली.

भरीत थोडं गार झालं होतं, पण तीनच्या भुकेला काय! पुऱ्या कमी पडल्या, कळण्याच्या भाकरी संपल्या. आइस्क्रीमचं दूध झालं होतं. मोनालीने त्यात जिलेबी बुडवून खाल्ली आणि सगळ्यांनी तिचाच कित्ता गिरवला. दिपमालाने वाढताना पहिला घास बांधावर ठेवला. नानांनी त्याशेजारी जिलेबीचा एक वेढा ठेवला.

"नाना, मिशांचं काय?" प्रेमराजने हात धुताना विचारलं.

"चुकलं कोण? पाहुणे तर बरोबर माझ्या मागे होते!"

"ते बी खरं शे." प्रेमराजने मान डोलावली. "पुढच्या वर्षी बी आठेच येऊ. धुळ्याला काय, लोक येतात, जेवतात, जातात. आठे तुम्हाला शोधावं लागतं."

निघताना दिपमाला म्हणाली, "मी भांडी घेऊन नवलच्या जीपने येते. आणा तो फोन, लोकेशन बंद करून देते."

"राहू दे," नाना म्हणाले. "सहापर्यंतचं कबूल केलंय. बारा लोक बघताहेत, मध्येच बंद केलेलं बरं दिसत नाही."

एकटेच निघाले, पण एकटे नव्हते. खिशात बारा जण होते. मिशा वाऱ्यावर होत्या. जेवणानंतर प्रेमराजबरोबर झालेले दोन चहा आणि वर तांब्याभर ताक पाटाच्या कडेला येईपर्यंत आपलं म्हणणं मांडू लागले. नानांनी बाभळीपाशी गाडी हळू केली, एक पाय टेकला.

खिशात फोन वाजला. ग्रुपवर प्रेमराजचा मेसेज होता.

'नाना, बाभूय उनी का?'

त्याखाली मोनाली, नवल आणि इतर नऊ जणांचे हसरे चेहरे.

नानांनी घड्याळ पाहिलं. सहाला बावीस मिनिटं कमी होती. त्यांनी पाय उचलला, गिअर टाकला आणि दात-ओठ आवळून थेट मेहरूणचं घर गाठलं.