न सडणारी वाटी

नवऱ्याच्या कबरीवर संगमरवरी वाटी बसवायला हबीबाने साफ नकार दिला. पाखरांच्या पाण्यासाठी कबरीवर वाटी ठेवायची तिथली रीतच, यात वादच नव्हता. पण तिने पिशवीतून काढली ती एक तपकिरी, जराशी वाकडी, ऑलिव्हच्या तेलाचा वास येणारी वाटी. कबरस्तानाचा राखणदार बशीर हातात थापी धरून बघतच राहिला.

"वहिनी, हे काय, प्लास्टिक?"

"यांनी केलेली आहे. शेवटची."

"टिकेल का पण?"

"जन्मभर तेच तर रडगाणं होतं," हबीबा म्हणाली. "मेली टिकते!"

खरंच होतं ते. स्फाक्स शहरातल्या ज्या कारखान्यात तिचा नवरा तिजानी नोकरीला होता, तिथे ऑलिव्हच्या चोथ्यातून उरलंसुरलं तेल काढत, मग चोथ्याचंच इंधन करत, आणि एवढं पिळूनही जो काळा गाळ उरे तो फेकून देत. त्या गाळाची राळ करायची आणि राळेची भांडी, हा तिजानीचा ध्यास. वापरा, मातीत पुरा, वर्षाच्या आत माती होईल, असं तो छातीठोकपणे सांगायचा. दर हिवाळ्यात अंगणातल्या अंजिराखाली वाट्या पुरायचा आणि पुढच्या हिवाळ्यात उकरायचा. वाट्या रुखवतात मांडाव्यात इतक्या कोऱ्या करकरीत निघायच्या. "न सडणारं प्लास्टिक बाजारात स्वस्तात मिळतं, तिजानी," असं म्हणून साहेबांनी अखेर त्याचं टेबल काढून घेतलं. मग त्याने बायकोच्या हंडीवर कब्जा केला, ज्यात ती कुसकुसाचा रवा वाफवायची.

ही शेवटची वाटी साच्यातून काढताना तो म्हणाला होता, "हबीबा, ही मात्र सडणार बघ."

हबीबा तेव्हा दुहेरी वैतागलेली. कुसकुसाला राळेचा वास, आणि बडीशेप घालून भाजलेल्या सातूच्या पिठाचा डबा रिकामा. पीठ नणंदेनेच, मोंगियानेच, लांबवलं असं तिने ठरवून टाकलं होतं आणि तिच्या तोंडावर सांगूनही टाकलं होतं. त्या रागात ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सडाल, पण तुमची वाटी सडायची नाही!"

तिजानी पोट धरून हसला होता. पंधरवड्यात तो गेला. नणंद-भावजया मयताच्या दिवशीही एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि ते वाक्य हबीबाला रात्रंदिवस सलत राहिलं. माणूस गेला, निदान त्याच्या हातची वाटी तरी राहू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

पुढच्याच शुक्रवारी वाटीची कड कुरतडलेली दिसली.

"बशीर, तुझी शेळी आवर!"

"वहिनी, शेळी गवत खाते. भांडी खात नाही."

तरी त्याने शेळी बांधून ठेवली. पण कड आणखी खाली गेलीच. चिमण्या पाणी सोडून वाटीलाच चोची मारत होत्या! हबीबाने घरून जाळी आणून वाटीवर घट्ट बसवली.

"पाखरांची वाटी, आणि पाखरांनाच मज्जाव?"

"पिऊ देत की भोकांतून."

"चिमणी आहे वहिनी, सुई नाही."

पाखरं गेली आणि मुंग्या आल्या. मुंग्यांवर उपाय म्हणून तिने हळद टाकली. पाणी पिवळंजर्द झालं, आणि शेजारच्या कबरीवर फातिहा म्हणायला आलेल्या म्हाताऱ्याने 'करणी, करणी' म्हणत सगळं कबरस्तान डोक्यावर घेतलं. बशीरने हात जोडून जाळी काढली, हळद धुतली. त्याच रात्री पाऊस लागला तो थांबेचना.

पाऊस उघडल्यावर हबीबा धावत गेली. वाटी पुसायला बोट लावलं, तर ते आरपार गेलं. तळाचा चिखल झाला होता. ती वेड्यासारखी दोन्ही हातांनी तो गोळा करायला लागली आणि एकदम थबकली. ओंजळीतून वास येत होता. भाजलेल्या सातूचा, बडीशेपेचा. तिच्याच हातच्या पिठाचा.

"बशीर! सडली रे! यांची वाटी सडली!"

विधवा बाई नवऱ्याच्या कबरीवर उभी राहून 'सडली, सडली' म्हणून हर्षाने ओरडतेय, हे पाहून शेजारच्या कबरीवरचा तो म्हातारा फातिहा अर्धवट टाकून पळाला. हबीबा कबरीला टेकून बसली. ही बातमी तिला जगात एकाच माणसाला सांगायची होती.

"अहो, जिंकलात तुम्ही," ती मातीला म्हणाली. "ऐकताय ना?"

बशीर थापी घेऊन आला. "आता दगडी बसवू, वहिनी?"

"नको. सिमेंटात खळगा राहिलाय, तेवढा पुरे चिमण्यांना."

तशीच चिखलाची मूठ घेऊन ती मोंगियाच्या दारात गेली. मोंगियाने दार उघडलं, पण कपाळावरची आठी काही काढली नाही.

"वन्सं, पीठ तुम्ही नव्हतं नेलंत. तुमचा भाऊ चोर निघाला, वाटीच्या राळेत कालवलं यांनी."

हबीबाने मूठ उघडली. मोंगियाने वाकून वास घेतला, आणि तिचे डोळे भरून आले.

"मेल्यानं मागायचं होतं की गं! मागितलं असतं तर तू दिलं नसतंस का?"

"नसतं दिलं," हबीबा म्हणाली, आणि उंबऱ्यावरच तिला रडू कोसळलं.