नंबर आले, चांदणी न्हाई आली

धोंडूनाना शाळेच्या पोरांना फाटकातनं आत घेतो ते मेंढरं घेतल्यासारखं. फाटक अर्धंच उघडायचं, मधे गुडघ्याएवढी काठी आडवी धरायची आणि एकेका पोरानं तिच्यावरनं उडी मारून यायचं. उडी मारली की नाना त्याच्या तोंडाकडं बघणार आणि जागच्या जागी नाव ठेवणार. झालं बारसं, तेही मेंढराच्या नावानं. पोरगं परत गाडीत बसेपर्यंत तेच नाव.

डोकं नुकतं भादरलेला पोरगा असला की भुंडा. दोन रंगांच्या रिबिनी लावलेली पोरगी असली की बांडी. चष्मा असला की आरशी, मग मुलगा असो का मुलगी. एकदा एका शाळेच्या जाडजूड बाई हौसेनं काठीवरनं उडी मारून आल्या. नाना त्यांच्याकडं बघत गप्पच राहिला. मी म्हणालो, "का रं, नाव सुचंना व्हय?"

"सुचलंय की. पर बाई हायेत."

आमचं निसर्ग केंद्र पासलीकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. पुण्याच्या शाळा येतात, भोरच्या येतात, किकवीची पोरं तर टेम्पोत बसून येतात. नाना त्यांना रानात फिरवून आणतो, मी जेवण करतो. आधी मी आणि बायको मिळून करायचो. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता मी एकटाच करतो, आणि आठवण आली की पातेली आपटतो. मॅडम म्हणतात, काका, आवाज फार होतो. होतो तर होतो. मी काय गाणं म्हणू?

या मॅडम केंद्र बघतात. चांगल्या आहेत, पण त्यांना सगळं कागदावर लागतं. नानाचं काहीच कागदावर येत नाही. तो वरच्या धनगरवाड्यातला. जन्म मेंढरांमागं गेला. पाय दमले तशी मेंढरं विकली. पोरगा सून घेऊन चाकणला कंपनीत गेला, नाना घरी एकटाच. पोरगा दिवाळीला येतो, कधी येतही नाही. झाडांची इंग्रजी नावं नानाला येत नाहीत आणि मराठी नावं तो सांगत नाही. पोरं विचारतात, "आजोबा, हे झाड कसलं?" तर म्हणणार, "आदी वास घे. नाव काय पळून जातंय?" एका पोरीनं पक्ष्याचं नाव विचारलं तर म्हणाला, "मला न्हाई म्हाईत. त्यानं कदी सांगितलं न्हाई." कुणी दगड उचलला की तो परत जिथल्या तिथं ठेवायला लावतो, आणि नीट बसला नाही तर पुन्हा ठेवायला लावतो. सशाच्या लेंड्या तळहातावर घेऊन पोरांपुढं धरतो. निम्मी किंचाळतात, निम्मी हात पुढं करतात. हात पुढं करणारी त्याला आवडतात.

पोरांना तो आवडतो. आईबापांचं तसं नाही. गेल्या थंडीत एका बापानं फोन केला. मुलगी घरी आल्यापासनं स्वतःच्या नावाला ओ देईना. म्हणे, मी भुंडी आहे, मला भुंडी म्हणा. बाप तापला. आमच्या मुलीला जनावराचं नाव दिलं म्हणून त्यानं लेखी तक्रार केली.

मॅडमनी नानाला बोलावलं. मीही तिथंच उभा होतो. हातात उलथनं होतं, ते तसंच.

"नाना, आजपासून नावं ठेवायची नाहीत. हे नंबरचे बिल्ले. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक. जाताना मोजायचं, येताना मोजायचं."

"मोजून काय कळतंय, बाई?"

"किती आहेत ते कळतं."

"किती ते कळतंय. कोण ते कुठं कळतंय?"

"नाना, पुढची तक्रार आली तर मला तुम्हाला थांबवावं लागेल. माझ्या वरही माणसं आहेत."

नाना उठला, बिल्ल्यांची पिशवी घेतली आणि गेला. एक शब्द बोलला नाही. तेव्हा मला कळलं, हा घाबरला. नाहीतर त्याचं तोंड बंद होत नाही.

पुढच्या आठवड्यात एक शाळा आली. अडतीस पोरं, तिसरी-चौथीतली. नानानं काठी घरीच ठेवली होती. फाटक सताड उघडं. त्यानं एकेकाच्या गळ्यात बिल्ला घातला आणि नंबर मोठ्यानं म्हटला. पण मी ताकाचं पातेलं घेऊन जवळच उभा होतो. नंबर म्हटल्यावर त्याचे ओठ पुन्हा हलत होते. "सतरा," आणि मग हळूच, "चांदणी." पोरीच्या कपाळावर, जखमेवर पांढरी पट्टी चिकटवली होती. मेंढराच्या कपाळावर पांढरा ठिपका असला की त्याला चांदणी म्हणतात.

मी म्हणालो, "आयकलं बरं का म्या."

"गप. मनातल्या मनात व्हतं."

"मनातलं मला कसं आयकू आलं?"

"तुजं ध्यान ताकात ठेव."

दुपारी सगळे रानातनं परत आले. शाळेच्या बाईंनी फाटकात उभं राहून यादी वाचली. एक, हजर. दोन, हजर. अशी अडतीसच्या अडतीस हजर. बाई म्हणाल्या, "चला, हात धुवा."

नाना फाटक अडवून उभा. "बाई, एक कमी हाय."

"अहो आजोबा, सगळे नंबर आले."

"नंबर आले. चांदणी न्हाई आली."

बाईंना काही कळेना. नाना सरळ एका पोरीपुढं जाऊन उभा राहिला. तिच्या मुठीतनं दोरी लोंबत होती. मूठ उघडली तर सतरा नंबरचा बिल्ला. पोरगी रडायला लागली. "ती म्हणाली, माझी हजेरी दे, मी आलेच." बाई तशाच रानाकडं निघाल्या. नाना म्हणाला, "बाई, तुमी बाकीची संबाळा. आमी दोगं आणतो तिला." आणि मला म्हणाला, "चल रं शिवा."

मी पातेलं ठेवलं आणि निघालो. मला धाप लागली. तो आपला मेंढरू चुकल्यावर जातात तसा, इकडं तिकडं न बघता चालला होता. ओढ्यापाशी थांबला. मोठ्या खडकामागनं आवाज आला.

"येऊ नका."

नाना तिथंच उभा राहिला आणि त्यानं पाठ फिरवली. माझाही खांदा धरून फिरवला. पण तेवढ्यात मी बघितलं होतं. आठ वर्षांची पोर, दप्तर पोटाशी धरून बसलेली. फ्रॉक ओला. रानात आडोशाला जायचं म्हणून सांगायची लाज वाटली असेल, आणि मग व्हायचं ते झालं. सदतीस पोरांसमोर कशी जाणार ती?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाना चपला घालूनच ओढ्यात उतरला. पाणी गुडघ्याएवढं, पण थंडीचे दिवस. मधोमध गेला आणि धोतरासकट खाली बसला. कमरेच्या वर पाणी आलं.

"आयाया! लई गार हाय गं! ये बस."

खडकामागनं एक डोळा दिसला. मग पट्टी दिसली. मग दप्तर खडकावर ठेवून ती हळूहळू आली आणि नानाच्या शेजारी पाण्यात बसली. मी काठावर उभा. म्हातारा आणि पोर दात वाजवत बसलेत आणि वर पाण्यातले मासे बघतायत.

थोड्या वेळानं नाना म्हणाला, "आता काय सांगायचं?"

पोरीनं विचार केला. "आजोबा घसरून पडले."

"आन तू?"

"मी धरायला गेले."

"लई मोटं काम केलंस की."

ती पहिल्यांदा हसली.

केंद्रात आलो तर मॅडम फाटकात. शाळेच्या बाईंनी पोरीला कवटाळलं, कोरडे कपडे घालायला आत नेलं. पोरीनं सगळ्यांना सांगितलं, आजोबा पडत होते, मी धरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मात्र माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्ही होतात ना? काय झालं नक्की?"

मी जन्मात खोटं बोललो नाही. जमत नाही मला. नानाकडं बघितलं तर तो आभाळाकडं बघतोय. मी म्हणालो, "घसरला. म्हातारा झालाय तो. डोळ्यांनी दिसत न्हाई त्याला नीट."

मॅडम म्हणाल्या, "नाना, दिसत नसेल तर मुलांना तुमच्याबरोबर कशी पाठवू? आज थोडक्यात निभावलं. आता रानात न्यायला दुसरा माणूस बघते."

"व्हय बाई," नाना म्हणाला. बिल्ल्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

गाडी गेली. भांडी घासून मी निघालो तर तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेला, धोतर अजून ओलंच.

"पाय घसरला येवडं पुरं व्हतं," तो म्हणाला. "डोळ्याचं कशापाई काडलंस?"

"मला काय ठावं, खोटं किती बोलायचं असतं ते." मग मला राग आला. स्वतःचाच, पण काढला त्याच्यावर. "मॅडमला बाजूला घेऊन खरं सांगायचं हुतंस. गप बसल्या असत्या त्या."

"बसल्या असत्या. पर उद्या पोरीला कळलं असतं, ह्या म्हाताऱ्यानं सांगितलं म्हून, तर? ऱ्हाऊ दे." त्यानं धोतराचा सोगा पिळला. "माजं काय. घरी असा भिजून गेलो तर कोन इचारतंय, वला कशानं झालास म्हून."

ऊन डोंगरामागं चाललं होतं. माझ्या घरीही दीड वर्ष कुणी काही विचारलेलं नाही. मी त्याच्या शेजारी दगडावर बसलो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"का रं नाना," मी म्हणालो, "वला कशानं झालास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी थट्टा करतोय का ते बघितलं. मग नीट मांडी घातली.

"आरं, काय सांगू गड्या," तो म्हणाला, "वढ्यात पाय घसरला. पडतच हुतो. तर एक येवडीशी पोर हुती, तिनं धरलं मला."

"मग?"

आणि त्यानं मला सगळं पहिल्यापासनं सांगितलं.