वाळूची सतरा घड्याळं

शाळेतल्या खेळाच्या बाई टेलरच्या दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरल्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मास्तरांनी ओळखायला हवं होतं. एरवी या बाई पुढच्या दाराने यायच्या आणि त्यांच्या "काय मास्तर!" या हाकेने आतले दोन्ही कारागीर मशीन थांबवून बघायचे. आज हाक नव्हती, आणि आत शिरताच त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

"मास्तर, खरं सांगा," त्या कुजबुजल्या. "कापड आकसलंय ना?"

"कुठलं कापड?"

बाईंनी पिशवीतून निळा ड्रेस काढला. दुपारीच शाळेत पोचत्या केलेल्या सतरा ड्रेसांपैकी तो एक होता. "डोक्यातून गेला, खांद्यावर बसला आणि कमरेशी अडला. ना वर जाईना, ना खाली येईना. वीस मिनिटं मी क्रिकेटच्या सामानाच्या खोलीत दोन्ही हात वर करून उभी होते. शेवटी शिपाईबाईंनी पाय लावून ओढला, तेव्हा सुटले."

मास्तर हसले. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांचा एकही कपडा परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ते गिऱ्हाइकाला नमस्काराच्या आधी सांगत. त्यांनी मापांची वही उघडली, बाईंच्या नावावर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं. कंबर, अठ्ठावीस. मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. मग घाईघाईने पुढची सोळा नावं वाचली. सत्तावीस, अठ्ठावीस, सव्वीस, अठ्ठावीस. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

ही अठ्ठावीसची भानगड समजायला मास्तरांचा खोकला समजला पाहिजे. माप घेताना आकडा मोठ्याने सांगावा लागतो, म्हणजे वही धरणारा तो लिहून घेतो. पण कमरेचा खरा आकडा मोठ्याने सांगितला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, आणि पडल्या चेहऱ्याने माणूस दुसरा कपडा शिवायला टाकत नाही, हे मास्तरांना धंद्याच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून त्यांनी आणि बायकोने एक तोड काढली. मास्तर आकडा कमी सांगायचे आणि खोकायचे. एका खोकल्याचे दोन इंच. "अठ्ठावीस" आणि दोनदा खोकला, की बायको निमूटपणे बत्तीस लिहायची. कपडा अंगाला बेतशीर बसायचा, गिऱ्हाईक अठ्ठावीसच्या आनंदात घरी जायचं. डॉक्टरीणबाई तर गेली दहा वर्षं दर मापाला मास्तरांसाठी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन येत होत्या.

गेल्या महिन्यात बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती काळा चष्मा लावून वरच्या खोलीत बसली आणि वही सूनबाईच्या हातात आली. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या, त्यांच्या निरोपाला सगळ्या शिक्षिकांनी एकसारखा निळा ड्रेस घालायचा ठरवलं होतं, आणि सतराजणींची मापं एका दुपारी घ्यायची होती. मास्तरांनी सवयीने आकडे सांगितले, सवयीने खोकले. आता खोकणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण खोकतोय हे त्यांना कळतही नव्हतं. सूनबाईने मात्र ते ऐकलं. तिने आकडे लिहिले, आणि दर खोकल्याला सासऱ्यांच्या हातात एक खोकल्याची गोळी ठेवली.

"सूनबाई!" मास्तरांनी आता आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

सूनबाई गळ्यात टेप अडकवून आली. लग्नाला दोनच वर्षं झालेली ही मुलगी हुशार होती. तिने शहाण्या माणसाने करावा तसा शिवणकामाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, आणि कटिंगच्या टेबलामागे एक तक्ता लावला होता. तक्त्यावर बाईच्या शरीराचे पाच प्रकार होते: त्रिकोण, उलटा त्रिकोण, चौकोन, गोल आणि वाळूचं घड्याळ. आधी माप घ्यायचं, मापावरून प्रकार ठरवायचा, आणि प्रकाराला शोभेल तसाच कपडा बेतायचा. पहिली मोठी ऑर्डर तिने एकटीने करावी असं मास्तरांच्या मुलाचं म्हणणं पडलं, आणि मास्तरही अग्निशमन दलाच्या बारा पँटींत बुडालेले होते, म्हणून त्यांनी कात्री तिच्या हाती दिली.

"बाबा, मी म्हटलं होतं ना तुम्हाला? अख्खी शाळा घड्याळ निघाली!" सूनबाई म्हणाली. "सतराच्या सतरा. कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, असं कुठे होत नाही."

ती हे आधीही बोलली होती, हे मास्तरांना आता आठवलं. तेव्हा ते सुईत दोरा ओवत होते आणि "शाळेत घड्याळ हवंच" असं काहीतरी म्हणाले होते. छाती खरी, कंबर खोकल्याविना चार-सहा इंच कमी, मग दुसरं काय निघणार? घड्याळाला कंबर दाखवायची असते. म्हणून सूनबाईने सगळे ड्रेस कमरेत घट्ट घेतले होते आणि वर प्रत्येकीला चार बोटं रुंद पट्टा दिला होता.

"तू... आत माया किती सोडलीस?"

"शिवणीत? अर्धा इंच. घड्याळाला जास्त माया सोडली की फुगा येतो."

मास्तर स्टुलावर बसले. उद्या सकाळी दहाला समारंभ. समोर रस्त्यापलीकडे तयार कपड्यांचं काचेचं दुकान सहा महिन्यांपासून आ वासून उभं होतं. शाळेचं काम म्हणजे मास्तरांचं निम्मं वर्ष. ते हातचं गेलं तर दुकानाला कुलूपच. आणि यातून सुटायला सूनबाईला खोकल्याचं सांगावं, तर ते त्याहून अवघड होतं. लग्नाच्या ड्रेसचं तिचं माप मास्तरांनीच घेतलं होतं. होणाऱ्या सुनेला खूश करावं म्हणून "सव्वीस" म्हणाले होते, आणि दोनदा खोकले होते. त्या सव्वीसवर पोरीने सगळी इमारत उभी केली होती. कोर्सच्या वहीत पहिल्याच पानावर तिचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: वाळूचं घड्याळ, नमुना म्हणून मी स्वतः.

"मास्तर, मी जाड झालेय का?" खेळाच्या बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "सोळाजणींना बसला असेल, मला एकटीलाच बसत नाही. कुणाला सांगू नका."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात मागचं दार पुन्हा वाजलं.

"अगं बाई, कोणीतरी आलं!" म्हणत खेळाच्या बाई ड्रेससकट कपडे बदलायच्या कोपऱ्यात घुसल्या आणि त्यांनी पडदा ओढला.

आल्या त्या चित्रकलेच्या बाई. छातीशी पिशवी घट्ट धरलेली. "मास्तर, आपल्यातच ठेवा," त्या म्हणाल्या. "मी दुपारपासून जेवले नाहीये. तरी बसत नाही."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दारात भूगोलाच्या बाईंची चप्पल वाजली. चित्रकलेच्या बाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या पडद्यामागे पळाल्या. आतून दोन दबक्या किंचाळ्या आल्या. भूगोलाच्या बाईंनी ते ऐकलंच नाही, कारण त्यांनी येताक्षणी रडायला सुरुवात केली होती. त्यांचा ड्रेस फाटला होता. तो अंगावर तसाच ठेवून, वरून कोटाची बटणं लावून त्या आल्या होत्या, कारण ड्रेस निघतच नव्हता.

"मास्तर, हे असं कसं झालं हो?"

मास्तरांचं ततपप झालं. सूनबाई एकदा बाईंकडे, एकदा तक्त्याकडे पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. "बाबा, माझं चुकलं का?" तिने विचारलं. "मी सगळं वहीप्रमाणे केलं. देवाशपथ."

मास्तरांना पोरीची दया आली. काहीच न करता तिच्यावर बालंट येणार होतं, आणि ते आपण उघड्या डोळ्यांनी बघत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी तोंड उघडलंही. पण आता पुढचं दार उघडलं.

"मास्तर आहेत का?"

हा आवाज अख्खं गाव ओळखत होतं. मोठ्या बाई! भूगोलाच्या बाई कोटासकट पडद्याकडे धावल्या.

मोठ्या बाई सावकाश आत आल्या. त्यांच्याही हातात पिशवी होती. "जरा घालून बघते," एवढं म्हणून त्या सरळ कोपऱ्याकडे गेल्या आणि त्यांनी पडदा ओढला. आत तिघी अशा काही अडकल्या होत्या की पडद्याबरोबर दांडी आली, आणि दांडीबरोबर तिघी मोठ्या बाईंच्या पायाशी आल्या. खेळाच्या बाईंचे हात पुन्हा वर होते. आत घालून बघायच्या नादात ड्रेस पुन्हा कमरेशी अडकला होता.

मोठ्या बाईंनी तिघींना पाहिलं, तिघींनी एकमेकींना पाहिलं.

"तुलापण?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"तुलापण?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

"मला आधी कुणीतरी सोडवा!" खेळाच्या बाई ड्रेसच्या आतून ओरडल्या.

मोठ्या बाई वळल्या. "मास्तर, वहिनी कुठे आहेत? वही कोण लिहितंय?"

"तिचा डोळा... ऑपरेशन... सूनबाई लिहिते."

"वाटलंच. खोकल्याचं तिला सांगितलं नाहीत तुम्ही."

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कसल्या खोकल्याचं?"

"अहो, मी तीस वर्षं गणित शिकवलं. तुम्ही 'तीस' म्हणता आणि तीनदा खोकता. एका खोकल्याचे दोन इंच. माझ्या घरात टेप नाही, की मला बेरीज येत नाही?"

मास्तरांनी बाकीच्या तिघींकडे पाहिलं. तिघी होकाराच्या माना डोलवत होत्या. "मी तर दरवेळी खोकले मोजते," सुटलेल्या खेळाच्या बाई दम खात म्हणाल्या. "फक्त या वेळी वाटलं, की मीच खोकल्याच्या बाहेर गेले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"का बोलू?" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "वर्षातून एकदा कुणीतरी मला तीस म्हणतं. घरी कोण म्हणतंय?"

सूनबाईने हे सगळं ऐकलं होतं. तिने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. "बाबा, माझ्या मापाच्या वेळी तुम्ही सर्दी झालीय म्हणाला होतात."

मास्तरांनी उगाच वहीची पानं उलटली.

"किती वेळा खोकलात?"

"दोनदा."

"म्हणजे मी तीस?"

"तेव्हा," मास्तर म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. पण बोलून गेले होते.

सूनबाई तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिने घड्याळाकडे पाहिलं. मग बोट सरकवत चौकोनावर आणलं. मास्तरांना वाटलं, आता ही रडणार, आणि उद्या माहेरी जाणार. खेळाच्या बाईंनी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ये गं. आम्ही सतराजणी आहोत तिथे. जागा भरपूर आहे."

सूनबाईला हसू फुटलं. डोळे पुसत तिने तक्त्यावरचं चौकोनाखालचं बारीक अक्षर वाचलं. "चौकोनाला बाजूने उभी पट्टी शोभते," ती म्हणाली. मग एकदम वळली. "बाबा, पट्टे! सतरा पट्टे आहेत, त्याच कापडाचे. मधोमध आडवे कापले तर दोन्ही बाजूंना एकेक पट्टी घालता येईल. चार-सहा इंच सहज सुटतील."

एवढी साधी गोष्ट मास्तरांना सुचली नव्हती.

मग फोन गेले. मागच्या दाराने यायला निघालेल्या चौघी रस्त्यातच सापडल्या. तासाभरात सतराजणी दुकानात जमल्या, आणि आपण एकटीच जाड झालो नाही या आनंदात अशा कामाला लागल्या की बघत राहावं. कुणी टाके उसवत होतं, कुणी पट्टे कापत होतं, कारागिरांची मशीनं थांबत नव्हती. सूनबाईने प्रत्येकीचं माप पुन्हा घेतलं, खरं, आणि कानात सांगितलं. रात्री दहाच्या सुमारास शेवटचा ड्रेस अंगावर चढला आणि खरोखर, सगळ्याजणी आधीपेक्षा छान दिसू लागल्या.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. शाळा वाचली होती, दुकान वाचलं होतं. हलक्या मनाने त्यांनी टेप गुंडाळला आणि छाती थोडी पुढे काढली. "काही म्हणा बाई, कमरेचा हा एक घोळ सोडा. पण बाकी फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही. तीस वर्षांत एक कपडा परत आला नाही माझा."

आरशापुढची लगबग थांबली. सतराजणींनी एकमेकींकडे पाहिलं. चित्रकलेच्या बाई छताकडे बघू लागल्या.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही हो," भूगोलाच्या बाई फार घाईने म्हणाल्या.

"मास्तर," मोठ्या बाईंनी घसा साफ केला, "उद्या मी निवृत्त होतेय, म्हणून सांगते. तुमची उजवी बाही दोन बोटं तोकडी येते."

"कधी?"

"दरवेळी. तीस वर्षं."

मास्तरांनी गुंडाळलेला टेप टेबलावर ठेवला. "मग परत का नाही आणलंत?"

"तुम्ही आमच्यासाठी इतकं खोकत होतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "आम्हाला एक तोकडी बाही चालवून घेता येणार नाही?"

"फोटोत आम्ही तो हात मागे घेतो," खेळाच्या बाईंनी भर घातली.

दुकानाच्या भिंतीवर शाळेचे जुने फोटो ओळीने लावलेले होते, मास्तरांच्या कामाची जाहिरात म्हणून. मास्तरांनी ते एकेक करून पाहिले. सगळ्या फोटोंत सगळ्या शिक्षिकांचा उजवा हात पाठीमागे होता. ही शाळेची शिस्त आहे असं ते इतकी वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आले होते.

ते जिना चढून वर गेले. बायको काळा चष्मा लावून खाटेवर बसली होती. तिच्या अंगात मास्तरांनीच शिवलेला झगा होता, आणि उजवा हात पांघरुणाखाली होता.

"अगं," मास्तर दारातूनच म्हणाले, "माझी उजवी बाही तोकडी येते?"

बायकोने दचकून चष्मा काढला.

"कोण फुटलं?"