पुढून विमान, मागून बांबू

"विमान आलं का गं?" सासूबाईंनी विचारलं. गॅसचा सिलिंडर आला का, हे विचारताना त्यांचा जो सूर लागायचा, अगदी तोच.

"नाही आलं, आई."

"मग आज काय शिकवणार त्या पोरांना?"

"खुर्च्या," सूनबाई म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या.

सूनबाई हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात मुख्य प्रशिक्षिका होत्या. तिथे त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या म्हणाल्या ते शब्दशः खरं होतं. सरावाची जुनी विमानं थकली म्हणून मोडीत काढली होती आणि नवी काही केल्या कारखान्याबाहेर पडत नव्हती. कधी इंजिन यायचं राहिलेलं असे, कधी आलेलं इंजिन जागेवर बसत नसे. एकदा तर चाकं आली ती दुसऱ्याच विमानाची. फोन केला की कारखान्याचे व्यवस्थापक म्हणत, "लवकरच, मॅडम, लवकरच!" शिकाऊ मुलांनी त्यांचं नावच 'लवकरच साहेब' ठेवलं होतं.

तोवर हँगरमध्ये ओळीने खुर्च्या मांडायच्या. डाव्या हातात वेग वाढवायचा थ्रॉटल आहे असं समजायचं, उजव्या हातात विमान वळवायचा दांडा आहे असं समजायचं आणि मॅडम "वळा!" म्हणाल्या की सगळ्यांनी खुर्चीसकट एका अंगावर कलायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकदम भोवळ आली.

त्या दिवशी मात्र वरून निरोप आला. मोठे साहेब पाहणीला येणार होते. मुलं काही शिकली आहेत असं दिसलं नाही, तर तुकडी बरखास्त करून सगळ्यांची रवानगी गोदामात होणार होती, सामान मोजायला.

मॅडम घरी आल्या त्या तोंड पाडूनच. त्यांचा नवरा नाटकांचे सेट बांधायचा. राजवाडा, तुरुंग, बुडणारी आगबोट, काय म्हणाल ते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉकपिटचा नकाशा आहे?"

"आहे ना. विमानाचं आजवर तेवढंच तर आलंय."

"आण इकडे. मी बांधतो."

"तू? अरे, विमान आहे ते!"

"आगबोट बांधली तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस. पहिल्या रांगेतल्या बाईला बोट लागली होती!"

आणि खरोखरच त्याने कॉकपिट उभं केलं. प्लायवूडचं, पण प्रत्येक खटका नकाशाप्रमाणे जिथल्या तिथे. काट्यांसाठी त्याने जुनी घड्याळं आणि एक वजनकाटा कामी लावला. पुढून बघितलं तर चकचकीत विमान, मागून बघितलं तर नुसते बांबू. बसायला मनासारखं काही मिळेना, तेव्हा घरातली पुढे-मागे सरकणारी आरामखुर्ची त्याने गुपचूप उचलून नेली.

"माझी खुर्ची कुठे गेली रे?" सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

"हवाई दलात भरती झाली, आई."

मुलं हरखून गेली. एकाने आत बसायचं आणि चौघांनी मागून बांबू गदागदा हलवायचे, हे झालं वादळ. इंजिन पेटलं तर काय, डोक्यावरचं काचेचं झाकण अडकलं तर काय, सगळ्याचा सराव सुरू झाला. तुकडीत सगळ्यात बुटकी एक मुलगी होती, चिमणी. तिने आत बसून फोटो काढला, अर्थातच पुढून, आणि आईला पाठवला. आईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्यातल्या एका हौशी मामाने वर लिहिलं, 'अखेर नवं विमान दाखल!' आणि तो फोटो असा फिरला की दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन वाजला.

"मॅडम, तुम्हाला विमान मिळालं?" लवकरच साहेबांचा आवाज कापत होता.

"तुम्ही दिलं नाहीत, तर मिळेल कुठून?"

"मग मोठ्या साहेबांनी आत्ता माझं अभिनंदन कशाबद्दल केलं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

पलीकडून बारीक आवाज आला, "धन्यवाद म्हणालो."

आता मोठे साहेब विमान बघायला येणार म्हटल्यावर लवकरच साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात जे सगळ्यात पूर्ण दिसत होतं ते विमान त्यांनी ट्रेलरवर चढवलं आणि पाहणीच्या आदल्या दिवशी स्वतः घेऊन आले. रंग मात्र झकास होता.

मॅडम आत बसल्या. खुर्चीचा खटका ओढला, तो ढिम्म हलला नाही. झाकणाची आतली मूठ खुळखुळत होती.

"मी हे ताब्यात घेणार नाही," त्या खाली उतरून म्हणाल्या.

"अहो, उडवायचंय कुठे? फोटोपुरतं!" लवकरच साहेबांनी हात जोडले. "तुम्ही हो म्हणा. माझी अब्रू राहील, तुमची तुकडी राहील. ते लाकडी प्रकरण तेवढं झाकून ठेवा."

मॅडमनी मुलांकडे पाहिलं. एक 'हो' म्हटलं की गोदाम टळत होतं. पण उद्या त्या झाकणाखाली यांच्यातलंच कुणीतरी बसणार होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मुलांनो, उद्या नेहमीसारखा सराव."

मोठे साहेब आले. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. हँगरच्या दारातून त्यांना समोर विमान दिसलं, आत चिमणी दिसली आणि विमान वादळात सापडावं तसं हलताना दिसलं. चिमणीने भराभरा खटके दाबले, मोठ्याने हुकूम म्हटले आणि वादळातून विमान बाहेर काढलं.

"शाबास! उतर, मला बसू दे." साहेब आत शिरले, मागे रेलले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! खुर्ची असावी तर अशी!"

लवकरच साहेबांना राहवलं नाही. "आमच्या इंजिनिअरांनी फार डोकं चालवलंय त्या खुर्चीवर, सर."

"इंजिनिअर?" मागून आवाज आला आणि पोरांबरोबर बांबू हलवायला आलेला मॅडमचा नवरा तरातरा पुढे आला. "आईची आहे ती माझ्या!"

साहेब उतरले. मागे गेले. बांबू पाहिले, बांबूंना धरून उभी असलेली पोरं पाहिली. "आणि खरं विमान?" त्यांनी शांतपणे विचारलं. तो शांतपणा ऐकून लवकरच साहेबांना घाम फुटला.

साहेब हँगरशेजारी उभ्या असलेल्या खऱ्या विमानात बसले, तशी खुर्ची खाडकन तळाला गेली. बाहेर फक्त टोपी दिसत होती. त्यांनी झाकण ओढलं, ते बसलं. उघडायला गेले, तर मूठ हातात आली. काचेआड साहेबांचं तोंड उघडझाप करत होतं, पण ऐकू काहीच येत नव्हतं, हे एका अर्थी बरंच होतं. कारखान्याची माणसं विमानाभोवती गरगर फिरू लागली.

"बाजूला व्हा!" चिमणी धावत पंखावर चढली. बाहेरचा आणीबाणीचा खटका कुठे असतो हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तिने झडप उघडली, खटका खेचला आणि झाकण वर गेलं. विमानात तेवढी एकच वस्तू धड बसवलेली होती.

साहेब लालबुंद होऊन बाहेर आले. "ही तुकडी कुठेही जाणार नाही," ते गरजले. "आणि तुम्ही! तुमचे इंजिनिअर घेऊन या आणि आधी हे लाकडी विमान नीट बघा. याच्या तोडीचं झालं की मगच आणा. मॅडम हो म्हणाल्या तरच ते ताब्यात येईल."

इंजिनिअर आले. मॅडमच्या नवऱ्याने त्यांना खुर्चीचा सरकता खटका समजावून देताना इतका भाव खाल्ला, की शेवटी सासूबाईंनीच येऊन आपली खुर्ची ताब्यात घेतली. त्यानंतर मॅडमनी दोनदा विमान परत पाठवलं. तिसऱ्यांदा आलं ते त्यांनी स्वतः उडवून पाहिलं, उतरल्या आणि म्हणाल्या, "आता कसं!"

पुढे चिमणी एकटीने उडणार होती, त्या दिवशी धावपट्टीच्या कडेला सगळे जमले होते. विमान धावलं, सुटलं आणि निळ्या आभाळात चढत गेलं. मॅडम टाचा उंचावून बघत होत्या. शेजारी कुणीतरी हुंदका दिला. पाहतात तर लवकरच साहेब!

"उडलं हो, मॅडम! उडलं!"

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"खरं सांगू?" त्यांनी डोळे पुसले. "आमचं विमान हवेत मी आज पहिल्यांदाच बघतोय. चाचणीच्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते."

मॅडम खळखळून हसल्या. चिमणीने एक झोकदार वळण घेतलं आणि विमान अलगद खाली टेकवलं. पहिली टाळी कुणाची पडली, यावरून मॅडम आणि लवकरच साहेबांचा अजून वाद चालतो.