गाडीचं तोंड

कारभारीने एकदा मनावर घेतलं की काम होतंच, असं कारभारीचं मत होतं. ह्या मताचं दुसरं माणूस कुंभार पिंपळगावात अजून सापडायचं होतं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्याने दोन गोष्टी एकदम मनावर घेतल्या. एक, पोरीचं, शिवकन्येचं लग्न. दुसरी, पिकअपचं तोंड.

लग्नाचं सरळ होतं. अंतरवालीचं स्थळ आलं होतं. मुलगा गुणाचा, आणि घरात शब्द चालायचा तो त्याच्या आईचा, कांताबाईंचा. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या स्वतः मुलगी बघायला येणार होत्या. असं स्थळ पुन्हा चालून येणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

पिकअपचं दुःख मात्र एकट्या कारभारीलाच कळत होतं. रिकामी उभी असली की ती मागून वर आणि तोंडाकडून खाली दिसायची. तशा सगळ्याच पिकअप दिसतात. शेजारच्या वस्तीवरच्या साहेबरावाचीही तशीच दिसायची. पण चहाच्या टपरीवर दहा माणसांत बोलला तो साहेबरावच.

"कारभारी, तुझी गाडी कामून मान खाली घालून उभी ऱ्हाती? काही गुन्हा केला का तिनं?"

त्या रात्री कारभारीला जेवण गेलं नाही. "ईहीनबाईला आपल्याच गाडीतून आणायचं," त्याने बायकोला, गोजरबाईला सांगितलं. "मानाची माणसं. गाडीबी मानाची पायजे. तोंड वर करून घेतो."

"त्या पोरगी बघायला येऊन राह्यल्या," गोजरबाई म्हणाली. "गाडी न्हाई."

पण गाडी दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यात निजामोद्दीन मिस्त्रीच्या दारात उभी होती. निजामोद्दीनचा धंदा कमानपाट्यांचा, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा. त्याने पुढच्या कमानींत एकेक जास्तीचा पाटा चढवला आणि गाडी कशी सरळ रेषेत आली. कारभारी खूश झाला, बाजारातून ढेपीची पोती भरून निघाला, आणि पोत्यांनी गाडी मागून अशी बसली की काचेतून रस्ता सोडून सगळं आभाळ दिसायला लागलं.

तो परत फिरला. "मिस्त्री, आता मागंबी टाका."

मागे पाटे पडले. पोती उतरवल्यावर गाडी मागून वर आणि तोंडाकडून खाली. जिथून निघाला होता तिथेच कारभारी येऊन पोचला, फक्त वीतभर वर.

"कारभारीभाई, गाडी म्हंजे तराजू है," निजामोद्दीन म्हणाला. "एक पल्ला उठाया तो दुसरा बैठेंगा. अब बस करा."

"पुढं अजून एक टाका."

अशा रीतीने गाडी पुढून आणि मागून आळीपाळीने वर जात राहिली. शेवटी ती बराबर सरळ रेषेत आली, तेव्हा खालची चाकं बैलाला बकरीचे पाय लावल्यासारखी दिसायला लागली. मग टायर मोठे घेणं आलंच.

गाडी दारात आली तेव्हा गोजरबाई मान वर करून बघत राहिली.

"ह्याच्यात बसायचं कसं?"

"चढून," कारभारी म्हणाला.

बाजाराच्या दिवशी कांताबाई दिराला घेऊन गावच्या स्टँडवर एसटीतून उतरल्या. अंगाने भरभक्कम, गुडघे दुखरे, नजर मात्र धारदार. केबिनच्या दाराशी त्या उभ्या राहिल्या, तर पायरी त्यांच्या कमरेला लागत होती. कारभारीला घाम फुटला. पण समोरच खताच्या दुकानाचा ओटा होता. त्याने गाडी मागे घेऊन ओट्याला भिडवली. गाडीचा मागचा हौदा आणि ओटा अगदी एका पातळीत. आत सतरंजी टाकून खुर्ची ठेवली, आणि कांताबाई घरचा उंबरा ओलांडावा तशा आत गेल्या.

"गाडी लई थाटाची हाय, पाव्हणं," त्या म्हणाल्या.

कारभारीला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने मुद्दाम साहेबरावाच्या दारावरून वळसा घेतला.

आपल्या वस्तीवर पोचल्यावर सगळे विहीणबाई उतरायची वाट बघत उभे राहिले. विहीणबाईही उतरायची वाट बघत बसल्या. तेव्हा कुठे कारभारीच्या ध्यानात आलं की आपल्या घराला ओटा नाही.

त्याने शिडी लावली. कांताबाईंनी शिडीकडे पाहिलं.

"ह्याच्यावरून उतरायचं म्हंजी तुमच्याकडं पाठ करावी लागंल," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा दारात आले, अन् होणाऱ्या सोयऱ्याला पाठ दाखवू?"

तोंड पुढे करून शिडी उतरायची तर गुडघे तयार नव्हते. "खुर्चीसकट उचलू का?" असं दिराने विचारलं, आणि वहिनीच्या एका नजरेत ते परत घेतलं. कारभारीची नजर घरामागच्या उकिरड्याकडे गेली. त्याची उंची अगदी नेमकी होती.

"मनातबी आणू नका," गोजरबाई दातओठ खात म्हणाली.

मग जे व्हायचं ते वरच झालं. शिवकन्येने पदर खोचला, एका हातात पोह्यांचं ताट धरलं आणि टायरवर पाय देऊन वर गेली. कांदापोहे वर, चहा वर. मुलगी बघण्याचा कार्यक्रम भर उन्हात पिकअपच्या हौद्यात सुरू झाला, आणि आजूबाजूच्या वस्त्या बांधावर गोळा झाल्या.

खाली बसल्या असत्या तर कांताबाईंना सारवलेलं अंगण आणि मांडलेल्या खुर्च्या तेवढ्या दिसल्या असत्या. वरून त्यांना सगळंच दिसत होतं. कुडापलीकडे कोंबलेल्या गोधड्या दिसत होत्या, मोडकी बाज दिसत होती, आणि साहेबरावाची बायको बांधावरून गोजरबाईच्या हातात कपबशा देताना दिसत होती.

"ते मागं काय लपवलंय गं?" त्यांनी शिवकन्येला विचारलं.

खाली कारभारीने डोळे मिटून घेतले. पोरीचं लग्न मोडलं, असं त्याने धरूनच टाकलं.

"मागं हाय ते आमचं," शिवकन्या म्हणाली. "पुढं मांडलंय ते साहेबराव काकाचं."

कांताबाई हसल्या. पोट धरून हसल्या, पण गाडी तसूभर हलली नाही, इतके पाटे होते. "आमच्याकडंबी पाव्हणे आले की कपबशा शेजारूनच येत्यात," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात, कार्यक्रम आटोपला असेल म्हणून, साहेबराव आपल्या खुर्च्या न्यायला पिकअप घेऊन आला. त्याने सगळा प्रकार पाहिला. हसला नाही, आणि तेच कारभारीला जास्त लागलं. त्याने आपली बुटकी गाडी मागे घेऊन उंच गाडीला भिडवली. कांताबाई उंच हौद्यातून बुटक्या हौद्यात आल्या, तिथून बाकड्यावर आणि बाकड्यावरून अंगणात. तोंड पुढे, पाठ कुणालाच नाही.

"पोरगी पसंत हाय," पदर सारखा करत त्या म्हणाल्या. "खोटं बोलत न्हाई. पण माझी एक अट हाय."

कारभारीने आधीच हात जोडले.

"लग्नाला मला आणायला ह्या साहेबराव पाव्हण्याची गाडी धाडा."

ह्यापेक्षा हुंडा मागितला असता तर बरं, असं कारभारीला मनापासून वाटलं. पण पोरीच्या सुखापुढे बापाचा काय इलाज! त्याने साहेबरावाच्या दारात जाऊन, मान खाली घालून, गाडी मागितली. साहेबरावाने लगेच हो म्हटलं. उलट त्याची छातीच फुगली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात घाई उडाली होती. कांताबाई स्टँडवर उतरून वाट बघत असल्याचा निरोप आला होता. इतक्यात वळणावर धूळ उडाली आणि साहेबरावाची पिकअप आली. आधी दिसले टायर. मग बऱ्याच वेळाने गाडी.

"मानाची माणसं आणायची," साहेबराव उंचावरून ओरडला. "म्हणलं अशीच कशी न्यावी? निजामोद्दीनकडं जाऊन आलो!" आणि खाली पाय कुठे टेकवावा ते शोधायला लागला.

गोजरबाई कपाळाला हात लावून मांडवाच्या खांबाशी मटकन बसली.

कारभारीने मात्र हातातली अक्षतांची पिशवी खाली ठेवली. गाडीला एक चक्कर मारली, टायरवर थाप दिली, चार पावलं मागे सरकला, एक डोळा बारीक केला आणि निवांत बघितलं.

"सगळं बराबर हाय, साहेबराव," तो म्हणाला. "पण तोंडाकडून जराशी खालीच दिसती."