दोन मानाचे प्लग

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती. रस्ता अजून यायचा होता, पण वीज आली होती. कुठून आली ते विचारायचे नाही. गोष्टीत असले प्रश्न विचारत नाहीत.

त्या जंगलात एक भेकरीण राहत असे. वाघाचा वास आला की ती टेकाडावरून भुंके आणि ओढ्यापलीकडे चरणारी मंडळी पळून जात. भुंकून भुंकून तिचा घसा बसला. आवाज ओढ्यापर्यंतही पोहोचेना. नेमके तेव्हाच तिचे पाडस पलीकडच्या कुरणात चरायला जाऊ लागले होते.

शेवटी जंगलाच्या समितीने मनावर घेतले. तळहाताएवढा संगणक आणला. त्याच्या डोक्यावर बसवायचा अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड आणला. झाडावर कर्णा टांगला. आता भेकरीण माइकमध्ये नुसती खाकरली तरी पलीकडे ढग गडगडणार होते.

जोडणी वानराकडे होती. तो सगळ्यांना बजावत होता, "आधी कर्ण्याच्या तारा घट्ट करायच्या. वीज सगळ्यांत शेवटी. आणि ती फक्त वरच्या बोर्डाला द्यायची. खालच्या संगणकाला बोर्डच वीज पुरवतो. दोघांना वेगवेगळी दिलीत तर दोघेही जळतील."

"कळले, कळले," कार्यवाह कोल्हा म्हणाला. खरोखरच कळले होते. त्या जंगलात न कळणारा प्राणीच नव्हता. "पण उद्घाटनाचे काय?"

अध्यक्ष म्हणून वाघोबांना बोलावले होते. वाघाची वर्दी देणाऱ्या यंत्राचे उद्घाटन वाघाच्याच हस्ते! याला मनाचा मोठेपणा म्हणतात, बाळांनो. प्लग वाघोबांनी खोचायचा असे ठरले. तेवढ्यात अस्वलराव फुरंगटले.

"कर्णा आमच्या झाडावर, आणि आम्ही नुसत्या टाळ्या वाजवायच्या? आम्हाला काही मान?"

"आपण नारळ फोडा ना, अस्वलराव!"

"नारळावर बोळवण करता होय आमची?"

कोल्ह्याला घाम फुटला. मग युक्ती सुचली. "अहो, संगणकालाही वीज घ्यायची जागा आहेच की! वाघोबा बोर्डाचा प्लग खोचतील, अस्वलराव संगणकाचा."

"जळेल हो!" वानर किंचाळला.

"बोर्ड जळला तर नवा येईल," कोल्हा कुजबुजला. "अस्वलराव जळले तर कोण विझवणार?"

भेकरीण पुढे झाली. "अस्वलरावांच्या प्लगाची तार आतून तोडून ठेवा. त्यांचा मान राहील आणि बोर्डही वाचेल."

सभा हादरली. खोटा प्लग? मान्यवरांची फसवणूक? असे पाप त्या जंगलात आजवर कोणी केले नव्हते. भेकरिणीला खाली बसवण्यात आले. वानर दुसऱ्या प्लगाची तार जोडू लागला, कारण त्यालाही शाल मिळणार होती.

दोन्ही मानाचे प्लग एकदम खोचले गेले. फट्ट! निळा धूर निघाला. प्रेक्षकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आभारप्रदर्शन झाले. वाघोबांना पुढे काम होते, म्हणून ते जेवायला न थांबता ओढ्याच्या दिशेने निघाले.

भेकरीण माइककडे धावली. कर्णा मुका. तिने माइक टाकला, टेकाडाच्या टोकावर गेली आणि घशातून रक्त येईस्तोवर भुंकली. पलीकडे पाडस खाली मान घालून चरत राहिले.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. वाघोबा बोलायला उभे राहिले आणि दोन शब्दांतच त्यांचा गळा दाटला. बारीकसे हाड अडकले होते. सभेला तो हुंदका वाटला. सगळे गहिवरले. भेकरीण तेवढी कोरड्या डोळ्यांनी त्यांच्या जबड्याकडे पाहत होती.

नवा बोर्ड तिथल्या तिथे मंजूर झाला. मागून रानडुक्कर उठले आणि म्हणाले, "या खेपेस आमचा प्लग कोणता?"

तात्पर्य: बाळांनो, वीज एकाच वाटेने द्यावी हे शहाणपण सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याची घाई नसते. बोर्ड रुसत नाही. पाडसही रुसत नाही. रुसतात ते मान्यवर. तेव्हा आधी त्यांना जपावे.